तुरा गोठू नये म्हणून: नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

सगळ्यात आधी थर्मामीटर घ्या. कोंबड्या मागाहून घेतल्या तरी चालतात. मी उलटं केलं. निवृत्तीनंतर हौस म्हणून सात गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा घेतला, आणि डिसेंबर लागल्यावर लक्षात आलं की धारूरच्या घाटावरच्या आमच्या गावात पहाटे नेमकी किती थंडी पडते, हे मला फक्त स्वतःच्या दातांच्या आवाजावरून कळतं. दातांचा आवाज पुरावा म्हणून चालत नाही. निदान माझ्या भाच्याला तरी चालला नाही.

भाचा अमेरिकेत मिनेसोटाला असतो. त्यानंही परसात सहा कोंबड्या पाळल्या आहेत. कोंबड्या घेतल्याचं मी त्याला कळवलं, तर अभिनंदन राहिलं बाजूला, काळजीच्या सुरात त्यानं विचारलं, "मामा, तुरा कसा आहे?" मला वाटलं शेतातली तूर विचारतोय. म्हटलं, शेंगा भरल्यात, अळी आहे थोडी. तेव्हा उलगडा झाला की तो कोंबड्याच्या डोक्यावरचा तुरा म्हणत होता. तिकडे हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस-तीस अंश जातो, आणि कोंबड्यांच्या तुऱ्याला हिमदंश होतो.

हिमदंश म्हणजे काय, हे नवशिक्याला माहीत हवं. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं. आपल्याला जो सणसणीत ताप, तो तिचा रोजचा. वर पिसांची रजाई. थंडी वाजली की ती पिसं फुगवते, म्हणजे पिसांत कोंडलेली हवा तिला उबदार ठेवते. पण तुरा आणि हनुवटीखाली लोंबणाऱ्या लाल पाकळ्या उघड्या. थंडी वाढली की शरीर काळजा-फुप्फुसाकडचं रक्त राखतं आणि टोकाकडचं आवरतं घेतं. संस्थान वाचवायचं तर सरहद्दीवरच्या चौक्या सोडाव्या लागतात, तसं. मग तुऱ्याची टोकं आधी फिकट पडतात, आतलं पाणी गोठतं, पेशी फुटतात, पुढे टोकं काळी पडून झडतात. कोंबड्याला हे जास्त होतं. त्याचा तुरा मोठा, आणि पाणी पिताना त्याच्या पाकळ्या भांड्यात बुडून ओल्या राहतात. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात ओका इथल्या मठातल्या एका धर्मबंधूनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यावर कायमचा तोडगा काढला. संकर करत करत त्यानं शँटेक्लेर नावाची जातच तयार केली, जिला तुरा जवळजवळ नाही. असतच नाही, तर गोठणार काय?

इतकं ज्ञान एका रात्रीत झाल्यावर माणूस स्वस्थ बसत नाही. मीही बसलो नाही.

पायरी पहिली: घाबरून घेणे

थर्मामीटर अंगणातल्या लिंबाला टांगा. पहाटे पाचला बॅटरी घेऊन बघा. मला पहिल्या दिवशी ९ अंश दिसले. हवामान खात्याच्या नियमानं सपाटीवर किमान तापमान १० किंवा त्याखाली आलं आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी खाली असलं, तर थंडीची लाट म्हणतात. म्हणजे ९ हा आकडा शेजारी, पाव्हणे आणि किराणा दुकान अशा तीन ठिकाणी सांगण्याजोगा आहे. हिमदंशाला मात्र तो पुरत नाही. त्यासाठी पारा शून्याखाली जावा लागतो आणि तिथं बराच वेळ मुक्काम करावा लागतो. महाराष्ट्रात दवाचं बर्फ झाल्याच्या बातम्या येतात त्या महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठच्या, निफाडच्या द्राक्षमळ्यांतल्या, नाहीतर सातपुड्यात अक्कलकुव्याकडच्या डाबच्या. तिथंही गवतावर, जीपच्या टपावर पांढरी साय धरते आणि ऊन आलं की जाते. बीड जिल्ह्यात थंडीनं कोंबड्याचा तुरा झडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. हे वाक्य खरं तर मार्गदर्शिकेच्या सुरुवातीलाच यायला हवं होतं. पण मग ताडपत्री कुणी घेतली असती?

पायरी दुसरी: व्हॅसलीन

भाच्याकडे तुऱ्याला व्हॅसलीन लावण्याची पद्धत आहे. त्याचा उपयोग होतो की नाही यावर तिकडच्या कोंबडीवाल्यांतही एकमत नाही, पण लावतात. इकडे लावायचं झालं तर कृती अशी.

कोंबडा दिवसा धरायला जाऊ नका. साठी ओलांडलेल्या माणसानं तर नाहीच. अंधार पडला की कोंबडीजातीला दिसत नाही, ती बसल्या जागी पुंजका होते. तेव्हा दोन्ही पंख अंगाला दाबून अलगद उचला आणि काखेत घ्या. तुरा हाताला कसा लागतो हे ज्यानं कधी पाहिलं नाही, त्यानं एकदा पाहावं. थंड असेल अशी माझी समजूत होती. तो कोमट होता, कानाच्या पाळीसारखा मऊ, आणि वर बारीक रवाळ दाणे. बोटाखाली त्याची नाडी लागत होती. कोंबडा एका डोळ्यानं माझ्याकडे बघत होता. चाळीस वर्षांपूर्वी फळ्यावर गणित सोडवायला उभी केलेली पोरं बघायची, तसा.

व्हॅसलीन छान लागलं. तुरा देवळातल्या शेंदऱ्या मारुतीसारखा चमकायला लागला. सकाळी दार उघडल्यावर कोंबड्यानं थेट चुलीच्या राखेचा ढीग गाठला आणि त्यात यथासांग लोळला. कोंबड्या असं धूळस्नान रोज करतात, त्यानं अंगातल्या उवा-गोचिडी जातात, हे मला नंतर कळलं. तूर्त माझ्या अंगणात राखाडी तुऱ्याचा कोंबडा ऐटीत फिरत होता आणि शेजारच्या आक्का भिंतीवरून बघत होत्या.

"गुरुजी, कामून छळायलाव त्या मुक्या जीवाला?"

मी त्यांना हिमदंश समजावून सांगितला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला. मग म्हणाल्या, "बरं," आणि आत गेल्या.

पायरी तिसरी: बल्ब

थंडी आहे तर ऊब द्यावी, ऊब द्यायची तर बल्ब लावावा, इथपर्यंत कुणाचंही डोकं चालतं. मी खुराड्यात नऊ वॅटचा एलईडी लावला. रात्रभर लख्ख उजेड. कोंबड्यांना झोप नाही, आणि हात लावून पाहिला तर बल्बखालची हवा होती तशी गार. एलईडीची विजेतली काटकसर म्हणजे उष्णतेतलीच काटकसर, हे आठवीच्या वर्गाला शिकवलेलं मी विसरलो होतो. खाली ऊब पोचायला जुना तारेचा पिवळा बल्ब लागतो. तो मिळवायला मला धारूरात तीन दुकानं फिरावी लागली. तिसऱ्या दुकानदारानं विचारलं, "पिल्लांसाठी का?"

प्रश्न बरोबर होता. मोठ्या कोंबडीला बल्ब लागतच नाही. लागतो तो पिल्लांना, कारण त्यांच्या अंगावर पिसं नसतात, नुसती लव असते. हिवाळ्यात आपल्याकडे खरी मर होते ती त्यांची. तेव्हा या मार्गदर्शिकेतला कामाचा भाग इथं आहे, थोडं सावकाश वाचा.

पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. ढोबळ हिशेब पिल्लामागे एक-दोन वॅट, म्हणजे पन्नास पिल्लांना साठ ते शंभर वॅटचा बल्ब. पण वॅट मोजत बसण्यापेक्षा पिल्लांकडे बघा. थर्मामीटरपेक्षा ती खरं बोलतात. बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करत असतील, तर थंडी वाजते आहे, बल्ब खाली घ्या. बल्बपासून लांब, कडेला, चोच उघडी टाकून धापा टाकत असतील, तर उकडतंय, वर घ्या. सगळी एकाच बाजूला दाटली असतील, तर समोरच्या बाजूनं फटीतून वारा येतोय, ती फट शोधा. आणि चहूकडे पांगून दाणे टिपत, मधेच पाय पसरून झोपत असतील, तर आता तुम्हीही जाऊन झोपा. भोवती पुठ्ठ्याचं गोल कडं करा. गोल अशासाठी की कोपरा असला की पिल्लं कोपऱ्यात दाटतात आणि खालची चेंगरून मरतात. रात्री लाइट गेली तर काय, याचं उत्तर आधी ठरवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी हे त्याचं उत्तर नव्हे. धुरानं आणि विषारी वायूनं सकाळी सगळा कारभार आटोपलेला असतो.

आक्कांचं उत्तर निराळं होतं. त्यांची एक कोंबडी खुडूक होती. तिला त्यांनी रवणीला बसवलं होतं, एकवीस दिवसांनी अकरा पिल्लं निघाली आणि ती अकराच्या अकरा तिच्या पोटाखाली मावली. एखादं तेवढं मधूनच पिसांतून डोकं बाहेर काढून जग पाहायचं आणि परत आत. लाइट जायचा प्रश्न नाही, वॅटचा हिशेब नाही.

पायरी साडेतीन: ताडपत्री

साडेतीनच का, तर ही पायरी अर्ध्यात सोडावी लागली. मुहूर्त साडेतीन, देवीची पीठं साडेतीन, मग आमच्या पायरीनं काय घोडं मारलंय?

खुराड्याला मी चारी बाजूंनी, वरून-खालून ताडपत्री गुंडाळली. फटींत बारदाना कोंबला. मुंगीला आत जायला वाट ठेवली नाही. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी समाधानानं झोपलो. पहाटे दार उघडलं तर ताडपत्रीच्या आतून पाणी टपकत होतं. आदल्या दिवशी घातलेला कोरडा भुसा चिखल झाला होता. वाकून डोकं आत घातलं तर डोळ्यांतून घळाघळा पाणी, घशात कांदा चिरल्यासारखी चरचर. कोंबड्या ओल्या पिसांनी कोपऱ्यात उभ्या, आणि त्यातली एक माणसासारखी शिंकली.

त्याचं कारण साधं आहे, आणि मिनेसोटातही तेच. कोंबडी रात्रभर श्वासातून वाफ सोडते, शिटेतून ओल सोडते. शिटेतल्या नत्राचा अमोनिया होतो. हे सगळं वर जाऊन बाहेर पडायला हवं. कोंडलं की तिकडे ती ओल तुऱ्यावर बसून गोठते. आपल्याकडे ती गोठत नाही, छातीत जाते. सर्दी, घरघर, आणि ओल्या भुशातून पिल्लांना रक्ती हगवण. भाच्याला फोन केला तर म्हणाला, "मामा, वर झरोका ठेवायचा असतो, ते सांगायचं राहिलं." सात समुद्रापलीकडचा सल्ला असा अर्धाच पोचतो.

आक्का या वेळी भिंत ओलांडून आल्या. ताडपत्री ओढून काढली. म्हणाल्या, "थंडीनं मेलेलं कोंबडं म्या जन्मात पाह्यलं न्हाई, गुरुजी. कोंदटून मेलेले लई पाह्यले." आणि मग त्यांच्या घरून डालगं घेऊन आल्या.

हे डालगं तुराट्यांचं विणलेलं. खाली रुंद, वर निमुळतं, माथ्याला हात जाईल एवढं तोंड. संध्याकाळी कोंबड्या डालायच्या, माथ्यावर दगड किंवा पाटा ठेवायचा की मुंगूस, बोका यांची चिंता मिटली. वारा येतो त्या अंगाला एक पोतं उभं टाकायचं. एकाच अंगाला. बाकी तीन अंगांनी तुराट्यांतून हवा खेळते. "वारं अंगावर नगं, पर वरून निघून गेलं पायजे," इतकंच त्यांचं शास्त्र. मी ज्यावर दोन रात्री जागून वाचलं, त्याचा सगळा ऐवज यात होता.

हे त्या कुठं शिकल्या, हे मी विचारलं. त्या बावीस हंगाम ऊसतोडीला जात होत्या, सांगली-कोल्हापूरकडे. दसरा-दिवाळी झाली की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ज्वारीची पोती, भांडीकुंडी, लेकरं, एखादी शेळी, आणि सगळ्यांच्या वर बांधलेल्या डालग्यात कोंबड्या. कोंबड्या मागं कुणाकडे ठेवणार? अख्खं घरच निघालेलं. तिकडे नदीकाठच्या रानात पाचटाची कोपी, पहाटे तीनला उठून भाकरी, मग धुक्यात भिजलेल्या उसात कोयता. पाचटाला नुसता हात लावला तरी बाही कोपरापर्यंत ओली व्हायची. त्या थंडीत कोपीच्या आडोशाला, पाचटाच्या बिछान्यावर डालग्याखाली कोंबड्या चार-पाच महिने काढायच्या, अंडी द्यायच्या, आणि हंगाम उलगला की परत ट्रॉलीवर चढून बीडला यायच्या. आता मुलगा नि सून जातात. नातवंडं शाळेसाठी आक्कांपाशी राहतात, आणि कोंबड्याही.

मी ताडपत्री घडी करून माळ्यावर टाकली. खुराड्याला वरच्या बाजूनं वीतभर झरोका केला, त्याला जाळी मारली, तोंड पूर्वेकडे केलं म्हणजे सकाळचं ऊन थेट आत येतं. बसायला मी ऐटीत जुन्या हँडपंपाचा लोखंडी पाइप लावला होता. तोही गेला. लोखंड पायाला गार, आणि गोल पाइपावर कोंबडीला नखं आवळून बसावं लागतं. दोन-तीन बोटं रुंदीची चपटी पट्टी असली की ती पाय पसरून बसते आणि छातीची पिसं बोटांवर सोडते, घोंगडी पांघरल्यागत. खाली भुसा किंवा भुईमुगाची टरफलं तीन-चार इंच टाका आणि अधूनमधून मूठभर उचलून दाबून बघा. लाडू वळला तर ओल जास्त, लगेच बदला. मूठ सोडताच भुगा विस्कटला तर ठीक. अमोनियाची परीक्षा कोंबडीच्या उंचीला वाकून करा. उभ्या माणसाच्या नाकाला बरंच काही कळत नाही, हे कोंबड्यांखेरीजही लागू आहे. संध्याकाळी डालायच्या आधी मूठ-मूठ बाजरी किंवा मका टाका. रात्रभर दाणा पचत राहतो आणि आतून ऊब देतो. भोगीला आपण तीळ लावून बाजरीची भाकरी खातो, त्याहून हे फार निराळं नाही.

हिवाळ्यात अंडी कमी झाली तर थंडीला शिव्या देऊ नका. दिवस लहान होतो, डिसेंबरअखेर आपल्याकडे तो जेमतेम अकरा तासांचा असतो, आणि कोंबडी अंड्याचा हिशेब उजेडावर ठेवते. पिसंही गाळते. तिला थोडी विश्रांती घेऊ द्या. मी निवृत्त झालो तेव्हा मला कुणी बल्ब लावून उठवलं नव्हतं.

पायरी चौथी: काळा तुरा

जानेवारीत, संक्रांत चार दिवसांवर असताना, कोंबड्याच्या तुऱ्यावर काळे ठिपके दिसले. खरं सांगतो, मला आधी आनंद झाला. इतक्या खटाटोपानंतर हिमदंश आला होता. फोटो काढून मिनेसोटाला पाठवला. तिकडून ताबडतोब उत्तर आलं: "मामा, हाच तो." मी आक्कांना बोलावलं, थोडा तोरा होताच.

आक्कांनी कोंबडा काखेत घेतला, अंगठ्यानं तुरा चाचपला, डोळ्याची कड पाहिली, चोचीच्या कोपऱ्यातला एक पुरळ दाखवला. "देवी हाय ही."

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टरांनीही तेच सांगितलं. कोंबड्यांच्या देवी डासांनी पसरतात. आधी फोड, मग काळी खपली. हिमदंशात तुऱ्याची टोकं सरसकट काळी पडतात. देवीत मसाल्याचे दाणे चिकटवल्यागत उंचवटे असतात आणि ते पापणीवर, चोचीभोवतीही दिसतात. खपल्या ओढून काढायच्या नाहीत. तीन-चार आठवड्यांत आपोआप गळतात. रोगी कोंबडा वेगळा ठेवायचा, डबकी बुजवायची. लस पंखाच्या पातळ कातडीत टोचतात, ती आधी द्यायची असते.

आणि तुरा निळा-जांभळा पडला, कोंबडी मान वाकडी करून गरगर फिरली, हिरवी हागली, तर थंडीचं नाव घेऊन वेळ घालवू नका. ती मानमोडी, म्हणजे राणीखेत असू शकते. आपल्या देशात ती १९२७ मध्ये कुमाऊंच्या राणीखेतला सापडली, तेच नाव इकडे पडलं. तिच्यावर औषध नाही, लस आहे: पहिल्या आठवड्यात लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, पुढचे डोस डॉक्टर सांगतील तसे. लस बर्फातून आणायची. या सगळ्या मार्गदर्शिकेत बर्फाची गरज लागते ती एवढ्याच ठिकाणी. एकदम पाच-दहा कोंबड्या पटापट मेल्या तर त्या पुरून गप्प बसायचं नाही, दवाखान्यात कळवायचं. जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला बर्ड फ्लू निघाला, तेव्हा हिवाळ्यातली मर म्हणजे थंडीच असं धरून चालत नाही, हे आमच्याकडच्या लोकांना कळून चुकलं.

तुऱ्याबद्दल एक राहिलं. डॉक्टर म्हणाले, हा मोठा तुरा असतोच मुळी उष्णता बाहेर टाकायला. मे महिन्यात बीडमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा कोंबड्याचं तापलेलं रक्त तुऱ्यातून फिरून निवतं. कोंबडीला घाम येत नाही, तेव्हा हा तुरा आणि उघडी चोच हेच तिचे कूलर. म्हणजे आपल्याकडे काळजी करायचीच झाली, तर महिना चुकला होता.

फेब्रुवारीत खपल्या गळाल्या. तुरा पुन्हा लालभडक झाला, टोकं सगळी जागेवर. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात. माझ्या कोंबड्याला मी ताडपत्रीनं, बारदान्यानं आणि व्हॅसलीननं झाकून पाहिलं होतं, तो आपला रोज साडेचारला आरवायचा. हल्ली दोन कोंबड्या तर खुराड्यात येतच नाहीत, लिंबाच्या फांदीवर थर्मामीटरशेजारी बसतात.

परवा आक्का भिंतीपाशी आल्या. हातात कालवणाची वाटी होती, ती देऊन तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "गुरुजी, ते कोंबड्याच्या तुऱ्याला लावायचं मलम उरलंय का वो? टाचा लई फुटल्यात."